टोळधाड आणि विहीणबाई

दर गुरुवारी दुपारी जेवणाची आवराआवर झाली, की वैजयंती चौगुले ओढणी कमरेला खोचून आपल्या विहिणीकडून हरायला बसायची.

विहिणीकडून हरायचं तर ते नुसतं हरून भागत नाही. फार सहज हरलं तर समोरच्याला संशय येतो, आणि फार चुरशीनं हरायला जावं तर चुकून जिंकून बसण्याची धास्ती. म्हणून पहिला डाव थोडक्यात घालवायचा, दुसऱ्यात जरा जोर दाखवायचा आणि तिसऱ्यात ऐन मोक्याला काहीतरी घोळ घालून "अरेरे!" म्हणायचं. हे "अरेरे" वैजयंतीला इतकं झकास जमू लागलं होतं, की तिचा नवरा शशिकांत शेजारच्या खोलीतून ते ऐकून कौतुकानं मान डोलवायचा.

डोळ्यांवर हेडसेट चढवला की इचलकरंजीतली तिची बैठकीची खोली नाहीशी व्हायची आणि तिच्याभोवती एक व्हिडिओ गेम पार्लर उभं राहायचं. गेल्या शतकाच्या शेवटी एसटी स्टँडांच्या आसपास असायची तसलं. फरफरणारी ट्यूबलाइट, कुरकुरणारा पंखा, भिंतीला पाठ लावून उभी असलेली कपाटाएवढी यंत्रं आणि प्रत्येक यंत्राला लाल गोळ्याची एक दांडी न् दोन बटणं. हल्ली या जुन्या खेळांची लाटच आली होती. खऱ्याहून खरी दिसणारी युद्धं खेळून कंटाळलेली माणसं पुन्हा ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांकडे वळली होती, आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी पार्लरंच्या पार्लरं हवेत बांधून दिली होती. वैजयंतीच्या शेजारच्या यंत्रापाशी तिकडे अमरावतीत हेडसेट चढवलेल्या विहीणबाई उभ्या असायच्या, मंदाकिनी इंगोले. त्यांच्या मुलाशी, सौमित्रशी, वैजयंतीच्या ऋजुताचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला होता.

दोघींचा खेळ ठरलेला होता, टोळधाड. वरून टोळांच्या रांगा उतरत येतात, खाली आपलं हिरवं शेत आणि त्याच्या राखणीला फवारणीची एक गाडी. दांडीनं गाडी डावी-उजवीकडे न्यायची, बटण दाबून फवारा मारायचा. गंमत अशी, की फवारलेला टोळ मरत नाही, तो उडून समोरच्याच्या शेतात जाऊन पडतो. ज्याचं शेत आधी फस्त होईल तो हरला.

आता खरं सांगायचं तर वैजयंती असं खेळायची, की टोळांनी तिला पाहून आल्या वाटेनं परत जावं. तिच्या वडिलांचं स्टँडसमोर असलंच एक पार्लर होतं. तिथं मुलींनी यायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी वडील शटर अर्धं ओढून डबा खायला बसायचे, आणि वैजू शटरखालून आत. शाळा बुडवून येणाऱ्या पोरांनी जेवढं खेळावं त्याच्या दुप्पट ती सुट्टीतल्या दुपारी खेळली. पुढं बघायला आले तेव्हा आईनं "हिला शिवणकामाची आवड आहे" असं परस्पर सांगून टाकलं, आणि वैजयंतीनंही ते आयुष्यभर चालवून घेतलं. या वर्षी हेडसेट घरात आला तेव्हा कुठे शशिकांतला बायकोचा हात कळला. त्याला कौतुक वाटायच्या आधी भीती वाटली.

"हे बघ वैजू, मुलाची आई आहे ती," तो म्हणाला होता. "तू आपलं गप गुमान हरायचं. त्यात त्या बिचारीचा हात तसा."

हाताचं मात्र वैजयंतीला कुणी सांगायची गरज नव्हती. मंदाकिनीबाई म्हणजे अमरावतीच्या क्लबातलं कॅरममधलं मोठं नाव. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं मेल्यासारखी पडून राहिली. त्यावर डॉक्टरांनी काढलेला उपाय म्हणजे हा हेडसेट आणि कोपराखाली बांधायचा एक पट्टा.

त्या पट्ट्याचं शास्त्र तसं साधं आहे. मेंदू हाताला हुकूम सोडतो तो चेतातंतूंतून विजेच्या रूपानं येतो. स्नायू आधी त्या विजेनं थरथरतो आणि मग बोट हलतं. पट्टा ही थरथर कातडीवरूनच टिपतो. खेळायला तसाच एक पट्टा वैजयंतीच्याही हातावर असे. मंदाकिनीबाईंच्या हातापर्यंत हुकूम पोचत होता, पण इतका क्षीण की बोट जागचं हलेना. पट्ट्याला तेवढंही पुरायचं. त्यामुळे घरात त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असे आणि पार्लरमधला उजवा हात दांडी गरागरा फिरवत असे. आपण हुकूम सोडला आणि काहीतरी घडलं, असं दिसत राहिलं की मेंदू हुकूम सोडत राहतो आणि हळूहळू मोडलेली वाट पुन्हा रुळते, असा डॉक्टरांचा भरवसा होता. जुने खेळ त्याला फार सोयीचे. एक दांडी, दोन बटणं, आणि डाव संपला की लगेच नवा डाव.

त्यांच्याशी खेळायला माणूस हवं होतं. सौमित्र बंगळुरात कामात बुडालेला, आणि त्यांच्या यजमानांना हेडसेट चढवला की मळमळायचं. म्हणून साखरपुड्यात वैजयंतीच आपणहून म्हणाली होती, "मी खेळेन की!" त्याच दिवशी मंदाकिनीबाईंनी पाहुण्यांना ठणकावून सांगितलं होतं, की लग्नात अक्षता टाकीन तर उजव्याच हातानं टाकीन. डाव्या हातानं नाही टाकणार, त्यापेक्षा टाकणारच नाही.

त्या अक्षतांसाठीच वैजयंती हरत होती. जिंकलं की माणसाला हुरूप येतो, हुरूप आला की व्यायाम होतो, व्यायाम झाला की हात सुधारतो, असं तिचं सरळ गणित होतं. आणि मानपान होताच. शिवाय डाव संपल्यावर दोघी त्या खोट्या पार्लरमध्ये उभ्या राहून खऱ्या गप्पा मारायच्या. मंदाकिनीबाई जिंकल्या की अशा काही खुलायच्या, की वैजयंती बुधवारपासूनच गुरुवारची वाट बघू लागली होती. पन्नाशी उलटल्यावर नवी मैत्रीण मिळणं किती अवघड असतं, हे ज्याचं त्याला माहीत.

श्रावणातल्या एका गुरुवारी सगळा घोटाळा झाला.

हेडसेटनं सकाळीच आपणहून खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेतली होती. "आता खेळ आणखी चपळ!" एवढंच त्यावर आलं होतं, आणि वैजयंतीनं न वाचताच "ठीक" म्हणून टाकलं होतं. पहिला डाव रंगात आला. टोळांची रांग उजव्या बांधावर उतरत होती. आता गाडी मुद्दाम डावीकडे न्यायची आणि शेत खाऊ द्यायचं, असं ठरवून तिनं दांडी डावीकडे ओढली. गाडी उजवीकडे धावली आणि फवाऱ्यानं रांगच्या रांग उडवून दिली.

"अरेरे!" वैजयंती सवयीनं म्हणाली, आणि जिंकली.

"जिंकून राहिल्या तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अन् अरेरे काऊन म्हणता जी?"

"चुकून ओ, चुकून!"

दुसऱ्या डावात तिनं लक्ष उडवायचं ठरवलं. मनातल्या मनात सतराचा पाढा सुरू केला. सतरा नव्व्याला अडखळली, पण गाडी अडखळली नाही. तिसऱ्या डावात तिनं सरळ डोळे मिटून घेतले. पण रांगा उतरण्याचा तो टुकटुक आवाज लहानपणापासून कानात बसलेला, त्या आवाजावर हात आतल्या आत शहारायचा आणि गाडी पळायची. वैजयंती डोळे मिटून जिंकली. मंदाकिनीबाईंनी "बरं, ठेवते," एवढंच म्हटलं आणि शेजारचं यंत्र रिकामं झालं.

तिनं घाबरून पुण्याला ऋजुताला फोन लावला. ऋजुता असल्याच यंत्रांच्या आज्ञावल्या लिहायची.

"आई, नवीन आवृत्ती बोट हलायची वाटच बघत नाही," ऋजुता म्हणाली. "पट्ट्यावर पहिला हुकूम उमटला की तोच धरते. इचलकरंजीहून अमरावतीला संदेश पोचायला जो वेळ लागतो, तो असा भरून काढलाय त्यांनी."

"अगं, पण मी तर गाडी डावीकडे नेत होते."

"नेत होतीस, पण त्याआधी तुझ्या हाताला उजवीकडे जायचं होतं. मग तू ते आवरलंस. आवरलेला हुकूमसुद्धा स्नायूत बारीकसा उमटून जातो, आई. आधी यंत्र बोटाचं ऐकायचं, आता त्या पहिल्या उमटण्याचं ऐकतं." ऋजुता मध्येच थांबली. "एक मिनिट. तू गाडी मुद्दाम डावीकडे का नेत होतीस?"

वैजयंतीनं उगाच खाकरून पाहिलं. पण लेकीसमोर फार वेळ टिकाव लागेना, आणि सगळं बाहेर पडलं.

"कुणी सांगितलं होतं तुला हरायला? मी?"

"तुझ्या बाबांनी."

"बाबांना काय कळतंय! अगं, आम्ही लहान असताना शेजारचं शेंबडं पोर खेळायला यायचं, त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो. त्याच्यावर कधी राज्य नाही, तो कधी बाद नाही. तू माझ्या सासूबाईंना कच्चा लिंबू करून ठेवलंस!"

"त्यांना बरं वाटतं गं जिंकल्यावर."

"आणि कळल्यावर कसं वाटेल?"

वैजयंतीनं फोन ठेवून दिला. जिंकायचं तर विहीण दुखावते, आणि हरायला यंत्र देत नाही. अशा वेळी सभ्य माणसं जे करतात तेच तिनं केलं, म्हणजे थापा मारल्या. पुढच्या गुरुवारी हेडसेट बिघडला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पट्टा सापडेना. त्यानंतर तिचे डोळे आले. अमरावतीहून उत्तरं येत गेली ती दर वेळी एका शब्दानं आखूड होत गेली, आणि शेवटी नुसतं "बरं" उरलं. गुरुवारची दुपार वैजयंतीला खायला उठायची. टोळधाड नसेना का, पण त्या बाईचा आवाज तरी यावा, असं तिला वाटायचं.

अशात बस्त्याचा दिवस आला. लग्नाचे सगळे कपडे दोन्ही घरच्यांनी मिळून एका बैठकीत खरेदी करायचे, हा रिवाज यंत्रं कितीही पुढं गेली तरी टिकून होता, आणि इचलकरंजीसारखं कापडाचं गाव असताना बस्ता दुसरीकडे बांधायचा प्रश्नच नव्हता. इंगोले मंडळी अमरावतीहून आली. मंदाकिनीबाई डाव्या हातानं मुलाचा आधार घेत बाबूशेठच्या दुकानात शिरल्या आणि पांढऱ्या गादीवर बसल्या. उजवा हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला, जसं एखादं पार्सल ठेवावं.

"प्रवास बरा झाला ना?" वैजयंतीनं विचारलं.

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

नवरीचा शालू झाला, नवऱ्याचा जोधपुरी झाला, आणि मानाच्या साडीवर गाडं अडलं. बाबूशेठनं जांभळी उलगडली, नको. डाळिंबी उलगडली, नको. मोरपंखी, आमसुली, शेवाळी, सगळ्यांना नको. गादीवर रेशमाचा ढीग साचला, विहीणबाईंचे गुडघे त्यात बुडाले, तरी मान काही होकारार्थी हलेना. बाबूशेठनं उभी हयात बस्ते बांधण्यात घालवली होती. त्यानं ओळखलं की विहीण रुसली आहे, आणि तो सगळ्यांसाठी चहा सांगायला उठला.

शशिकांतनं हात जोडले. "काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही जी, यांचं," मंदाकिनीबाईंनी हनुवटीनं वैजयंतीकडे खूण केली. "डोळे आले होते ना तुमचे? कोणता आला होता?"

"उजवा," वैजयंती म्हणाली. त्याच वेळी शशिकांत मदतीला धावून "डावा" म्हणाला. सौमित्रनं हसू दाबायला ऋजुताच्या शालूत तोंड घातलं.

"त्या गुरुवारी मी हरली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिन्ही डाव. तोंड पाडून डॉक्टरकडे गेली, तर डॉक्टर खूश! म्हणे, काकू, किती महिने तुमचा हात एका जागी अडून होता, या आठवड्यात पहिल्यांदा पुढं सरकला. काय केलं तुम्ही? म्हटलं, मी काही नाही केलं, विहिणीनं धुतलं मला. तर हसून राहिला तो! म्हणे, मग बरोबर आहे. आपण ठरवलं तसंच झालं तर मेंदूला वाटते, ठीक आहे, चालू द्या आहे तसंच. अन् थोडक्यात चुकलं, की तो खडबडून उठते, नवी वाट शोधते. मेंदू शिकते तो चुकल्यावर. मग मी घरी येऊन विचार केला, की इतके महिने मी चुकलीच कशी नाही?"

मंदाकिनीबाईंनी मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं सारखा केला.

"आयुष्य गेलं माझं कॅरममध्ये. समोरचा सोडून देऊन राहिला हे मला पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं. पण जिंकून राहिली होती ना, आवडत होतं मला. तो दोष माझा." त्यांनी वैजयंतीकडे रोखून पाहिलं. "पण तुमच्या मानपानात माझा हात राहिला जागच्या जागी. अन् आता कुठं सरकला, तर तुम्ही डोळे आले म्हणून घरात बसल्या!"

रुसवा, टोमणे, तोंडावर अपमान, सगळ्याची तयारी वैजयंतीनं घरून निघतानाच केली होती. हे मात्र तिला पेलवेना. दर गुरुवारी आपण त्या हाताला काहीतरी देतोय असं समजून ती उठायची, आणि इतके दिवस ती त्याच्या तोंडचं काढून घेत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. समोर दुकान आहे, व्याही आहेत, जावई आहे, कशाचं तिला भान राहिलं नाही.

"चुकलं माझं, विहीणबाई. मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं, बिचारी."

वैजयंतीनं मान खाली घातली. तेच तर वाटलं होतं.

"मला साडी नको," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मानाची असते ना? मग माझा मान हाच, की इथं बसून माझ्याशी खेळा. खरं खेळा. माझा हेडसेट आहे पिशवीत. डॉक्टरनं सांगितलं, कुठंही जा, सोबत ठेवा."

ऋजुता ताडकन उठली आणि आईचा हेडसेट आणायला स्कूटर काढून पळाली. ती येईपर्यंत चहा झाला. बाबूशेठला नक्की काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण गिऱ्हाईक उठून जात नाहीये एवढं त्याला पुरेसं होतं.

रेशमाच्या ढिगात मांडी घालून दोघींनी पट्टे बांधले, हेडसेट चढवले. दुकान विझलं, ट्यूबलाइट फरफरली. वैजयंतीनं दांडीवर हात ठेवला.

"खरं खेळू ना?" तिनं शेवटचं विचारलं.

"खरं. नवी आवृत्ती माझ्याकडेही आली जी, दया आली तरी आता यंत्र तुमचं ऐकणार नाही."

पहिला डाव सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. वैजयंतीनं किती वर्षांत असा हात सोडला नव्हता. काही आवरायचं नाही, काही मोजायचं नाही, टोळ दिसला की फवारा. मंदाकिनीबाईंच्या शेताचं वाळवंट झालं.

"अगं माय! कुठं शिकल्या हे?"

"वडिलांच्या पार्लरमध्ये. शटर ओढून."

"अन् साखरपुड्यात शिवणकाम आवडते म्हणून सांगितलं!"

"मला साधं बटण लावता येत नाही, विहीणबाई."

मंदाकिनीबाई खदखदून हसल्या. किती आठवड्यांनी ते हसू ऐकलं, आणि वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. "पुन्हा," त्या म्हणाल्या.

दुसराही डाव गेला. पुन्हा. तिसऱ्यात काहीतरी निराळं होऊ लागलं. मंदाकिनीबाईंनी सरळ फवारा मारणं सोडून दिलं. टोळाच्या कडेला निसटता फवारा बसेल असं त्या बघू लागल्या. मग तो तिरका उडे आणि वैजयंतीच्या शेताच्या नेमक्या कोपऱ्यात जाऊन पडे, जिथं गाडी पोचायला वेळ लागतो. ती कॅरमची नजर होती. वैजयंती इकडून तिकडे धावू लागली. हे असं कुणी खेळू शकतं, हे वडिलांच्या पार्लरमधल्या एकाही पोराला सुचलं नव्हतं. यंत्र हात बघत नव्हतं, हातामागचा हुकूम बघत होतं, आणि तो हुकूम देणारी बाई जबर होती. हिला मी हरायला देत नव्हते, असं वैजयंतीच्या मनात आलं आणि तिला स्वतःचं हसू आलं. तिसरा डाव ती जिंकली, पण घाम फुटला.

"पुन्हा!"

चौथा डाव केवढा तरी वेळ चालला. बाहेरच्यांना काय दिसत असेल देव जाणे. डोळ्यांवर खोकी चढवलेल्या दोन विहिणी गादीवर बसून एकमेकींवर ओरडत होत्या. "घ्या की हा कोपरा!" "घेतला बापा, आता हा घ्या!" "अहो, किती पाठवताय!" दोघींची शेतं चिंचोळी होत होत एकेका पट्टीवर आली. मंदाकिनीबाईंनी एक टोळ असा कापला, की तो वैजयंतीच्या शेवटच्या पट्टीवरच उतरू लागला. वैजयंतीनं विचार केला नाही. तिच्या हातानं गाडी फेकली, फवारा सुटला, टोळ अगदी जमिनीला टेकता टेकता उलटा उडाला आणि विहीणबाईंची शेवटची पट्टी खाऊन गेला.

"हॅट्!" मंदाकिनीबाई किंचाळल्या. "थोडक्यात! अगदी थोडक्यात हुकलं! पुन्हा!"

"ताई! ओ ताई!" पार्लरच्या भिंतीपलीकडून कुठून तरी बाबूशेठचा कळवळलेला आवाज आला. "सोडा ताई, चुरगळतीय! अस्सल रेशीम आहे ते!"

वैजयंतीनं हेडसेट वर सरकवला. दुकानातलं कुणीच हलत नव्हतं. सौमित्र गुडघ्यांवर उभा राहून आईच्या मांडीकडे बघत होता. ढिगातल्या शेवाळी साडीचा काठ मंदाकिनीबाईंच्या उजव्या मुठीत होता. चारही बोटं त्यावर मिटली होती आणि वरून अंगठा. नखं पांढरी पडतील इतकी घट्ट मूठ होती ती.

"पुन्हा म्हटलं ना जी," मंदाकिनीबाई हेडसेटच्या आतून म्हणत होत्या. "कुठं गेल्या? पळाल्या काय?"

वैजयंतीनं पुढं होऊन त्यांच्या डोळ्यांवरचा हेडसेट हळूच काढला. "विहीणबाई," ती म्हणाली, "खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं. मग मुलाकडे, मग वैजयंतीकडे, आणि पुन्हा खाली.

"हे मी धरलं?"

"तुम्हीच."

बाबूशेठ ओशाळून पुढं आला. काय घडलंय ते आता त्यालाही कळलं होतं, पण जन्माचा कापडवाला तो, त्याला राहवेना. "ताई, आनंद आहे. पण जरा सोडता का? घडी घालून ठेवतो."

मंदाकिनीबाईंनी प्रयत्न केला. कपाळावर शीर उठली, दंड थरथरला. मिटायला शिकलेल्या बोटांना उघडायचं अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"सोडता येत नाही ना जी मला!" त्या म्हणाल्या, आणि रडता रडता अशा हसू लागल्या, की दुकानाच्या पायऱ्यांवरून दोन माणसं आत डोकावली.

शशिकांत बोटं सोडवायला वाकला. वैजयंतीनं त्याला मागं लोटलं. "हात लावू नका ओ कुणी!"

"हीच साडी," मंदाकिनीबाईंनी बाबूशेठला सांगितलं.

"बांधू कशी ताई? ती तर तुमच्या हातात."

"मग राहू द्या हातात." त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले, त्याच हातानं हेडसेट ओढून घेतला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विहिणीला नावानं हाक मारली. "वैजयंती, बसा. पुन्हा."

वैजयंती बसली, आणि तिनं त्यांना अगदी मनापासून हरवलं.